मारका कोंबडा : दोष कोणाचा, उपाय कोणता?



मारक्या बैलाविषयी आपण सगळे सावध असतो. बाजारात बैल घेताना दाताआधी विचारतो, "मारका तर नाही ना?" म्हैस लाथ मारणारी असेल तर धारेला कोणी बसायचे हे घरात ठरलेले असते. पण अंगणातला कोंबडा मारका निघाला तर मात्र आपण हसतो. पोरे ओरडत पळतात, सूनबाई शेणाची पाटी टाकून पडवीत येते, आणि ओटीवर बसलेली मोठी माणसे ती फजिती बघत बसतात. दोन-अडीच किलोचा जीव, तो करून करून काय करणार, असे आपल्याला वाटते.

मलाही तसेच वाटत असे. ज्या दिवशी ते हसणे थांबले, त्या दिवसाची हकिकत आधी सांगतो आणि मग उपायांकडे वळतो.

माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका वाडीवर भाताची रोपवाटिका बघायला माझे जाणे-येणे असे. तिथे एका घरात आजी, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात अशी माणसे होती. परसात दहा-बारा गावठी कोंबड्या आणि एक उंचापुरा तांबडा कोंबडा. हा कोंबडा राखणेसाठी ठेवलेला होता. कोकणात जागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा देण्याची रीत आहे, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. त्या कोंबड्याने महिनाभरापासून घरच्यांना हैराण केले होते. सून गोठ्याकडे निघाली की पाठीमागून झेप घ्यायचा. नातीला तर अंगण बंदच झाले होते.

"साहेब, यावर काही औषध?" असे त्यांनी मला विचारले. मी नुकताच कृषी पदवी घेऊन आलेला. आम्हाला अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य शिकवले होते, गादी पद्धत शिकवली होती, पण कोंबड्याच्या रागावर धडा नव्हता. माहीत नाही म्हणायची मात्र लाज वाटली. मी ऐटीत सांगून टाकले, "एकदा काठीने चांगला धडा शिकवा. पुन्हा वाटेला जायचा नाही."

दोन आठवड्यांनी परत गेलो तर नातीच्या गालावर पट्टी. घरातल्या सगळ्यांनी माझा सल्ला मनापासून पाळला होता. जो तो काठी घेऊन कोंबड्याच्या मागे लागला होता, आणि कोंबडा शांत होण्याऐवजी काठी दिसली की अंगावर येऊ लागला होता. मोठ्यांचे बघून पोरीनेही एक फोक उचलला आणि ती अंगणात उतरली. कोंबड्याने थेट तिच्या तोंडावर झेप घेतली. पायाच्या काट्याने डोळ्याच्या खाली, एका बोटाच्या अंतरावर, गाल फाडला. प्राथमिक आरोग्य केंद्रात टाके पडले.

पोरीचा बाप रागावला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, तुमी सांगलास तसाच केला." तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. एका बोटाचे अंतर चुकले असते तर त्या पोरीचा डोळा गेला असता, आणि तो माझ्या सल्ल्याने गेला असता.

तेव्हापासून गावोगाव फिरताना मी कोंबड्यांकडे लक्ष देऊन बघू लागलो, जुन्या जाणत्या बायकांना विचारू लागलो, पशुवैद्यकांशी बोलू लागलो. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

कोंबडा मारतो कशासाठी?

पहिली गोष्ट ही की, कोंबड्याचा तुमच्यावर डूख नसतो. तो राखणदार असतो. आपल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. रानात कळपाची राखण नरानेच करायची. आजही तुमच्या अंगणातला चांगला कोंबडा दिवसभर हेच काम करतो. आकाशात घार दिसली की तो लांबट, बारीक आवाज काढतो आणि कोंबड्या झुडपाखाली दडतात. कुत्रे किंवा मुंगूस दिसले तर निराळाच, तुटक कटकटाट करतो. दाणा सापडला तर स्वतः न खाता 'कुक् कुक्' करून माद्यांना बोलावतो. मारणे हा त्याच राखणीचा एक भाग आहे. प्रश्न इतकाच, की त्याने तुम्हाला कळपाचा मालक मानले आहे की कळपावर आलेले संकट.

दुसरी गोष्ट, कोंबड्यांच्या कळपात मानपान फार कडक असतो. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी कोणापुढून बाजूला व्हायचे हे ठरलेले असते. नॉर्वे देशातील थोर्लीफ शेल्डेरुप-एबे नावाच्या अभ्यासकाने लहानपणापासून कोंबड्या बघून या मानाची उतरंड शोधली आणि १९२२ साली ती प्रसिद्ध केली. पुढे २०१५ साली जपानमधील नागोया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, पहाटे पहिली बांग देण्याचा मानसुद्धा कळपातल्या वरच्या कोंबड्याचाच असतो आणि बाकीचे त्याच्यामागून आपल्या पायरीप्रमाणे बांग देतात. आपल्याकडे म्हण आहे, कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. पण त्या वरच्या कोंबड्याला मात्र आपल्यामुळेच उजाडते असे वाटत असावे!

अशा या मानी प्राण्याला काठीने मारले म्हणजे काय होते? आपल्याला वाटते आपण शिक्षा केली. त्याला वाटते दुसऱ्या कोंबड्याने झुंज मागितली. आज तो हरून पळाला, तर उद्या पुन्हा जोर करून बघतो. आणि तुम्ही पळालात तर तो जिंकला. दोन्हीकडून त्याची झुंज चालूच राहते. माझा काठीचा सल्ला फसला तो इथे.

हे केव्हा आणि कोणत्या कारणांनी होते?

साधारण पाच-सहा महिन्यांचा झाला की कोंबडा वयात येतो. तुरा लाल होतो, बांग फुटते आणि त्याच सुमारास अंगात मस्ती येते. कालपर्यंत पोरांच्या हातून दाणे खाणारा कोंबडा अचानक अंगावर आला, असे लोक सांगतात ते याच वयाचे असते. पण सगळेच कोंबडे मारके होत नाहीत. होतात त्यामागे बहुधा पुढीलपैकी एखादे कारण सापडते.

एक, कळपात नर जास्त असणे. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. घरोघरी मात्र दहा कोंबड्यांत तीन-तीन, चार-चार कोंबडे दिसतात, कारण ते सणाला किंवा पाहुण्याला म्हणून राखलेले असतात. मग त्यांची आपसात चढाओढ लागते, माद्यांच्या पाठीची पिसे जातात आणि तापलेला कोंबडा माणसावरही येतो.

दोन, फाजील लाड. खुडूक कोंबडीखालचे एखादेच पिल्लू उरले की पोरे त्याला हातावर, खांद्यावर घेऊन वाढवतात. ते पिल्लू तलंग निघाले तर गुणी निघते. पण नर निघाला तर त्याला माणसाची भीडच राहत नाही. तो पोरांना आपल्यातलेच समजतो आणि वयात आल्यावर त्यांच्याशीच मानासाठी भांडतो.

तीन, छळ. खडे मारणे, शेपटीची पिसे ओढणे, पाठलाग करणे. चार पोरांनी केलेली खोडी कोंबडा पाचव्या पोरावर काढतो.

चार, कोंबड्या पकडण्याची आपली पद्धत. भर दिवसा, सगळ्या कळपादेखत कोंबडीचा पाठलाग करून तिला पकडायचे, ती जिवाच्या आकांताने ओरडते, आणि मग कोंबडा अंगावर आला म्हणून त्याला दोष द्यायचा. तो तर आपले काम करत असतो. कोंबडी पकडायची असेल तर रात्री, ती दांडीवर बसल्यावर पकडावी. अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नाही, त्या गप्प बसतात.

पाच, रक्तातला स्वभाव. काही कोंबडे मुळातच तापट असतात आणि त्यांची पिल्लेही बरीचशी त्याच वळणावर जातात. झुंजीसाठी प्रसिद्ध असलेली असील जात पुष्कळांना माहीत आहे. हा कोंबडा दुसऱ्या नराला उभा राहू देत नाही, पण माणसाशी मात्र तो अनेकदा सौम्य असतो. म्हणून केवळ जातीवरून निवाडा करू नये. ज्याचा त्याचा स्वभाव बघावा.

पिल्ले घेऊन फिरणारी कोंबडीही अंगावर येते. तिला मारकी म्हणू नये. पिल्ले मोठी झाली की ती आपोआप निवळते.

झेप घेण्याआधी तो सांगतो

कोंबडा सहसा न सांगता मारत नाही. आपण त्याचे सांगणे ओळखत नाही. तो तुमच्याकडे एका डोळ्याने टक लावून बघतो. एक पंख जमिनीला टेकवून तिरका तिरका चालत जवळ येतो. मानेची पिसे फुलवून डोके खाली घेतो. कधी दाणा नसतानाच जमिनीवर टोचल्यासारखे करतो. ही लक्षणे घरातल्या प्रत्येकाला, अगदी शाळेतल्या पोरांनाही, दाखवून ठेवावीत. ती दिसली तर पाठ करून पळू नये. पळणाऱ्याच्या मागे लागणे त्याला सोपे असते.

पाच पायऱ्यांचा उपाय

आता प्रत्यक्ष काय करायचे ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी, पोरे आधी. कोंबडा एकदा जरी लहान मुलाच्या अंगावर गेला असेल, तरी त्याच दिवसापासून मूल आणि कोंबडा एका मोकळ्या अंगणात ठेवू नये. मोठ्या माणसाच्या पिंढरीला लागणारा काटा लहान पोराच्या डोळ्याच्या उंचीवर येतो, हे विसरू नका. मुले बाहेर असतील तेव्हा कोंबडा डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशाला ठेवावा. त्याला तिथे सावली आणि पाणी मिळेल हे बघावे. कोंबडा मोकळा असेल तेव्हा मुलांबरोबर मोठे माणूस असावे. ही पायरी बाकी काही करण्याआधीची आहे.

दुसरी पायरी, काठी टाकावी आणि सूप घ्यावे. खरोखरच सूप, पाटी किंवा घमेले हातात धरून अंगणात जावे. मारण्यासाठी नव्हे, तर मध्ये आड धरण्यासाठी. कोंबडा आला तर सूप त्याच्यापुढे धरून जागेवर उभे राहावे. मग सावकाश, त्याच्या दिशेने एक-एक पाऊल टाकत त्याला मागे सरकवावे. तो वळून दूर गेला आणि दाणे टिपू लागला की आपण आपल्या कामाला लागावे. ना पळायचे, ना मारायचे. झुंजीत जोडीदारच मिळाला नाही, तर पुष्कळ कोंबडे काही दिवसांत नाद सोडतात.

तिसरी पायरी, नर कमी करावेत. जास्तीचे कोंबडे वेगळे काढावेत किंवा विकावेत. दाणे एकाच ठिकाणी न टाकता दोन-तीन ठिकाणी टाकावेत, पाण्याची भांडीही दोन ठेवावीत. खुराड्यात प्रत्येक पक्ष्याला साधारण तीन-चार चौरस फूट जागा मिळावी. दाटीवाटीत कोणाचाही स्वभाव बिघडतो. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे सांगायला नको!

चौथी पायरी, काटा बोथट करावा. कोंबड्याच्या पायामागचा काटा वयाबरोबर वाढतो. दोन वर्षांच्या कोंबड्याचा काटा इंचभर सहज भरतो. त्याचे टोक बाहेरून शिंगासारखे असते, पण आत जिवंत भाग आणि रक्त असते. म्हणून तो मुळातून कापू नये आणि पिळून उपटू तर मुळीच नये. रात्री कोंबडा शांतपणे पकडावा, एकाने काखेत धरावा आणि दुसऱ्याने कानशीने फक्त टोक घासून गोल करावे. चुकून रक्त आलेच तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. जमत नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घ्यावे. याने स्वभाव बदलत नाही, पण जखम कमी होते.

पाचवी पायरी, रोजची ओळख. ज्याच्या अंगावर तो येतो त्याच मोठ्या माणसाने रोज ठरल्या वेळी, न घाबरता, सूप हाती धरून कळपात जावे आणि लांबून दाणे टाकावेत. मारक्या कोंबड्याला हातातून दाणे भरवू नयेत. संध्याकाळी तो दांडीवर बसल्यावर त्याला अलगद उचलून, पंख मिटलेले ठेवून, दहा-पंधरा मिनिटे काखेत धरून फिरावे. काही कोंबड्यांत याने चांगला फरक पडतो, काहींत पडत नाही. पाय धरून उलटा मात्र लटकवू नये. त्यात त्याचा जीव गुदमरतो आणि आपला हेतूही साधत नाही.

हे सगळे किती दिवस करायचे? कोंबडी अंड्यावर बसते एकवीस दिवस. तेवढीच मुदत कोंबड्याला द्यावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सुरुवातीच्या दिवशी खूण करावी आणि तो ज्या ज्या दिवशी अंगावर आला त्या तारखेला फुली मारावी. तीन आठवड्यांनी फुल्या विरळ झाल्या असतील तर कोंबडा सुधारतो आहे. फुल्या तशाच असतील तर त्याला कळपातून काढावा. आणि मुलाच्या चेहऱ्याला जखम झाली असेल, तर एकवीस दिवसही थांबू नये.

जखम झाली तर

काट्याची जखम वरून बारीक दिसते, पण खोल जाते. त्यातून घाण आत राहते. म्हणून जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर धुवावी. तिच्यात चुना, तंबाखू, माती किंवा शेण भरू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मग आरोग्य केंद्रात दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे. कोंबडीच्या चोचीने पिसाळी होत नाही. तो रोग कुत्र्या-मांजरांसारख्या सस्तन प्राण्यांच्या चावण्याने होतो. त्यामुळे त्या भीतीने घाबरून जायला नको. पण डोळ्याजवळची कोणतीही जखम, सांध्यावरची खोल जखम, किंवा दुसऱ्या दिवशी सूज, ठणका, पू दिसला तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टर गाठावा.

घरात मधुमेह असलेली किंवा पायाच्या शिरा फुगलेली वयस्कर माणसे असतील तर जास्त जपावे. ऑस्ट्रेलियात एक वृद्ध बाई अंडी गोळा करायला गेली असता कोंबड्याने तिच्या पायावरच्या फुगलेल्या शिरेवर टोच मारली आणि रक्त जाऊन ती दगावली. २०१९ साली ही घटना वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. असे क्वचितच घडते. पण आपल्या घरीही अंडी काढायला बहुतेक आजीच जाते, म्हणून सांगितले.

"कोंबडा काढला तर अंडी बंद होतील ना?"

हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात, आणि याच भीतीपोटी मारका कोंबडा वर्षानुवर्षे अंगणात राहतो. उत्तर साधे आहे. अंडी घालायला कोंबडा लागत नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी तितकीच अंडी देते. मोठ्या शेडमधल्या अंड्यावरच्या कोंबड्यांमध्ये एकही नर नसतो. कोंबडा लागतो तो फक्त पिल्ले काढण्यासाठी. उलट, नर नसलेल्या कळपातील अंड्यांत जीव धरत नसल्याने ती उन्हाळ्यात तुलनेने जास्त टिकतात. कोंबड्यांचा पैसा हा घरच्या बाईचा हातखर्च असतो. तो बुडेल ही भीती मनातून काढून टाका.

कोंबडा काढल्यावरही साधारण दोन आठवडे फळलेली अंडी मिळत राहतात. तेवढ्यात खुडूक कोंबडी असेल तर तिला बसवू नये, कारण त्या पिल्लांत जुन्याच कोंबड्याचे रक्त असणार. नवा कोंबडा आणल्यावर तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि मगच उबवणीची अंडी राखावीत.

काढलेल्या कोंबड्याचे काय करायचे? घरी खायचा असेल तर उत्तम. जून कोंबड्याचे मांस चिवट असते, पण मंद आचेवर वेळ देऊन शिजवले तर त्याच्यासारखा रस्सा नाही. विकायचा असेल तर घेणाऱ्याला खरे सांगून विकावा. लहान मुले असलेल्या घरी तो पैदाशीसाठी जाऊ देऊ नये. आपली पीडा दुसऱ्याच्या पोराच्या डोळ्यावर ढकलण्यात कसले आले शहाणपण? झुंजीसाठी मागायला येणाऱ्याला तर मुळीच देऊ नये. प्राण्यांना झुंजवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

नवा कोंबडा कसा निवडावा?

नुसता तुरा आणि उंची बघून कोंबडा घेऊ नये. शक्य असेल तर त्याच्या कळपात जाऊन दोन घटका बसावे. तुम्ही जवळ गेल्यावर जो न भांडता बाजूला होतो, दाणा दिसला की कोंबड्यांना बोलावतो, घारीवर नजर ठेवतो, तो कोंबडा चांगला. त्याचा बाप मारका होता का, हेही विचारावे. आणल्यावर दोन-तीन आठवडे तो वेगळा ठेवावा आणि त्याला राणीखेतची लस झाली आहे की नाही याची पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी, म्हणजे बाहेरचा रोग कळपात येणार नाही. मग एखाद्या रात्री त्याला दांडीवर इतर कोंबड्यांशेजारी बसवावे. सकाळी कळप उठतो तेव्हा भांडण कमी होते. घरची नर पिल्ले कळपातच वाढू द्यावीत. मुलांनी त्यांना प्रेमाने दाणे टाकावेत, पण खांद्यावर घेऊन फिरू नये.

त्या वाडीचे पुढे काय झाले?

मी जेव्हा त्या घरी पुन्हा गेलो आणि कोंबडा काढा म्हणालो, तेव्हा आजी गप्प बसली. मग म्हणाली, "साहेबानू, राखणेचो कोंबडो तो. तेका इकूचो कसो नि कापूचो कसो?" राखणेचा दिवस अजून दोन महिने लांब होता. तिच्या श्रद्धेला हात घालण्याचा मला अधिकार नव्हता, आणि एकदा चुकीचा सल्ला देऊन मी माझा शब्दही घालवून बसलो होतो. मी इतकेच विचारले, "आजी, कोंबडा राखणदाराचा आहे हे खरे. पण तो अंगणात मोकळाच ठेवायचा असे कुठे ठरले आहे का?"

आजीने थोडा वेळ नातीच्या पट्टीकडे बघितले. मग तिने मुलाला हाक मारली आणि गोठ्याच्या कडेला बांबूचा कूड घालून घ्यायला सांगितला. त्याच दुपारी आम्ही दोघांनी मिळून तो घातला. दोन महिने कोंबडा तिथे राहिला. दाणा-पाणी आजी स्वतः द्यायची, पाटी आड धरून. ठरल्या दिवशी राखण रीतीप्रमाणे झाली. पुढच्या वर्षासाठी आजीने कळपातलाच एक करडा, शांत कोंबडा निवडला. आणि त्या घरी राखणेचा कोंबडा कुडातच वाढवायचा, अशी नवी रीत पडली.

ती पोर आता मोठी होऊन सासरी गेली आहे. गालावरचा वण जवळून बघितल्याशिवाय दिसत नाही. तिच्याही परसात कोंबड्या आहेत, आणि कोंबडा एकच आहे.

बंधू-भगिनींनो, चांगला कोंबडा ही घराची शोभा आहे. त्याच्या बांगेने दिवस उगवल्यासारखा वाटतो. पण पोराच्या डोळ्यापेक्षा मोलाचा कोंबडा अजून जन्माला आलेला नाही. आज संध्याकाळी खुराडे लावताना एवढेच करा. आपल्या कोंबड्या किती आणि कोंबडे किती ते मोजा, आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाला विचारा, की त्याला त्यातल्या कोणाची भीती वाटते का. त्याने बोट दाखवले तर हसू नका. उद्या सकाळी पोरे अंगणात उतरण्याआधी त्या कोंबड्याची सोय वेगळी करा.